भुशाखालचा बर्फ

उन्हाळ्यात बर्फ मागणाऱ्या माणसाला आमच्या खोऱ्यात पूर्वी वेड्यात काढत. आता त्याला खेळाडू म्हणतात आणि घरातली सगळ्यात जाड साय त्याच्या ताटात वाढतात.

आमच्या घरात असा एक खेळाडू आहे. टिरिल, माझी नात, वय एकोणीस. लांब पल्ल्याच्या स्की-शर्यती करते. तिचे आईबाप ओस्लोत नोकऱ्या करतात आणि ती आमच्याकडे शेतावर राहते, कारण इथे चढ आहेत. आजी-आजोबा आहेत म्हणून नव्हे. चढ आहेत म्हणून. हे तिनं मला तोंडावर सांगितलं. तोंडावर सांगायची खोड माझ्याकडूनच गेलेली असल्यामुळे मला गप्प बसावं लागलं. गप्प बसणं मला मानवत नाही. त्या दिवशी मला जेवणही गेलं नाही.

लोकांना वाटतं, ही स्कीवाली पोरं हिवाळ्यात मेहनत करतात. हिवाळ्यात ती नुसती शर्यतीला जातात नि नाक पुसत परत येतात. खरी मेहनत उन्हाळ्यात. शेवटचा बर्फ नदीत वाहून गेला की टिरिल पायाला चाकांच्या स्की बांधते आणि डांबरी रस्त्यावर काठ्या आपटत सुटते. मेंढ्या चरायच्या थांबतात, ट्रकवाले भोंगे वाजवतात. या चाकांना ब्रेक नसतो. ब्रेक नसलेली वस्तू दुकानात उघड विकतात, आणि माझ्या घरचं लोणी विकायला काढलं तर लगेच तपासायला माणूस येतो. असो. तर गेल्या जूनमध्ये उतारावर तिला थांबता येईना आणि ती थेट अस्लाकच्या गवताच्या गोळ्यात घुसली. अस्लाक म्हणजे आमचा शेजारी. गवत कापून तो पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो. पोरगी डोकं खाली पाय वर अशी रुतलेली पाहून बिचारा धावत आला, आणि आधी प्लॅस्टिक कुठे फाटलंय का ते पाहिलं.

चाकांचा कंटाळा आला की दलदलीतल्या चढावर हातात काठ्या घेऊन उड्या मारायच्या. एल्क, म्हणजे आमच्या रानातलं घोड्याएवढं सांबर, जसा चिखलातून ढेंगा टाकत जातो, तशा. शिकारीच्या दिवसांत मी तिला भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय बाहेर सोडत नाही, कारण अस्लाकची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही आणि पोरगी उड्या फार हुबेहूब मारते.

आणि उरलेल्या वेळात काय करते? जमिनीवर उताणी पडते आणि पाय भिंतीला लावते.

"टिरिल, बटाटे काढायचेत."

"आजी, मी काम करतेय."

"कुठे काम? मला तर तळवे दिसतायत."

"विश्रांती घेतेय. वेळापत्रकात आहे."

मी सात वर्षं शाळेत गेले, तीसुद्धा एक दिवसाआड. पण विश्रांती हे काम आहे हे मला तिथे कुणी शिकवलं असतं, तर मी रोज गेले असते.

तर ही अशी मुलगी गेल्या हिवाळ्यात ऐन शर्यतींच्या दिवसांत छाती भरून अंथरुणाला खिळली. बाकीच्या पोरी पदकं घेत होत्या आणि ही माझ्या हातचं सूप. मार्चमध्ये जिल्हा संघाच्या प्रशिक्षकाचा फोन आला. त्याचं नाव रोआर. माणूस सरळ आहे, पण बोलताना असा जपून बोलतो, जसा काही प्रत्येक शब्द त्याला मागाहून धुवून परत करायचाय.

"गुनवोरबाई, ऑक्टोबरात मी संघ निवडणार," तो म्हणाला. "कुठे बर्फ मिळाला तर बर्फावर चाचणी घेईन. नाही मिळाला, तर गेल्या हिवाळ्याचे निकाल बघून निवडावं लागेल. माझा इलाज नाही."

गेल्या हिवाळ्याच्या निकालांत टिरिलच्या नावापुढे खोकल्याशिवाय काही नव्हतं. म्हणजे बर्फ नाही तर पोरगी संघाबाहेर. तिला हे सांगितलं तेव्हा ती जेवत होती. "मग यंदा नाही जमलं तर मी स्की सोडून देते," ती म्हणाली. रडली नाही, काही नाही. नुसती उकडलेला बटाटा सोलत राहिली. पण सोलून सोलून त्याची गोटी केली, आणि ती गोटीही खाल्ली नाही.

आता ऑक्टोबरात बर्फ कुठे असतो? पलीकडच्या खोऱ्यातल्या मोठ्या क्लबकडे. ते लोक हिवाळ्यातच बर्फाचा डोंगर करतात, त्यावर लाकडाचा भुसा पसरतात, आणि तो आख्खा उन्हाळा भुशाखाली झोपून राहतो. मी त्यांच्या अध्यक्षाला फोन लावला. तो फार गोड बोलला. म्हणाला, आमचा बर्फ आमच्या सभासदांसाठी आहे, बाहेरच्या मुलींना चाचणीपुरतासुद्धा देता येणार नाही, पण तुमच्या खोऱ्याबद्दल आम्हाला नेहमीच आपुलकी वाटत आलेली आहे. आपुलकी! यांच्या आज्या आमच्या आज्यांकडून लोकर उधार नेत.

मी तसाच रोआरला फोन फिरवला. "ऑक्टोबरात मुली घेऊन इकडे या," मी म्हटलं. "बर्फ मी देते."

इंगवाल्डनं वर्तमानपत्र खाली केलं. इंगवाल्ड माझा नवरा. एरवी माझ्या बोलण्यावर तो वर्तमानपत्र खाली करत नाही. लग्न टिकवायची ती त्याची रीत आहे.

"कुठून देणार?" त्यानं विचारलं.

"अंगणातून," मी म्हटलं. "मार्च आहे, बाहेर छातीभर पडलाय. फक्त जपून ठेवायचाय."

आमच्याकडे एखाद्याचं काम मोठं असलं की गाव जमतं आणि फुकट राबतं. राबणाऱ्यांना कॉफी, वॅफल नि वर तपकिरी चीज द्यायचं, एवढाच रिवाज. त्या शनिवारी गाव जमलं. सल्लेही बरोबर घेऊन आलं. अस्लाक म्हणाला, ढीग उंच करा, उंच बर्फ वितळत नाही, डोंगरावर बघा. तोर्दिसबाई म्हणाल्या, छे छे, पावाच्या लादीसारखा लांबट करा, मी वाचलंय. तोर्दिसबाई आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी वाचली नाही अशी गोष्ट खोऱ्यात नाही, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं केली अशीही नाही. आमच्या चर्चच्या पाद्रीबाई म्हणाल्या, आकार महत्त्वाचा नाही, हेतू महत्त्वाचा. मग त्यांच्या हातात मी फावडं दिलं.

अस्लाकनं ट्रॅक्टरनं शेतातला बर्फ लोटला, रस्ता साफ करणाऱ्यानं रस्त्यावरचा आणून ओतला, लाकूड कापायच्या गिरणीतून गाड्या भरभरून भुसा आला. संध्याकाळी कोठारामागे असा ढीग उभा राहिला की मला आमचं घर त्याच्यासमोर कोंबड्यांचं खुराडं वाटायला लागलं. भुसा हातभर जाड अंथरला. इंगवाल्डनं टोपी काढून बघितलं. चर्च सोडून तो कुठे टोपी काढत नाही.

सोमवारी पालिकेचा माणूस आला. ऐविंद त्याचं नाव, पालिकेतला इंजिनियर. बूट इतके स्वच्छ की मला त्याच्या आईची कीव आली.

"गुनवोरबाई, हे काय आहे?"

"बर्फ."

"ते दिसतंय हो. पण नियमात हे काय आहे?"

"नियमात बर्फ नसतो का रे? मग हिवाळ्यात तुम्ही करता काय?"

तो हसला नाही. पालिकेत हसायलाही अर्ज लागत असावा. "बघा," तो म्हणाला, "एवढ्या उंचीची गोष्ट जमिनीवर कायमची उभी राहिली, की ते बांधकाम. त्याला नकाशा लागतो, शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र लागतं, परवानगी लागते. पण वितळणार असेल तर काहीच लागत नाही. मग तो नुसता बर्फ."

"मग वितळेल की."

"नक्की?"

आता बघा माझी पंचाईत. रोआरला मी शब्द दिला होता की टिकेल. ऐविंदला शब्द द्यायचा होता की वितळेल. टिकला तर पोरगी संघात आणि मी बेकायदा. वितळला तर मी कायद्यात आणि पोरगी घरी बटाटे सोलत. शेवटी त्यानं दिलेल्या कागदावर मी लिहिलं, 'बर्फ वितळेल', आणि खाली सही ठोकली. केव्हा ते लिहिलं नाही. देवाच्या कामात तारीख घालणारी मी कोण?

"आणि हा भुसा," तो म्हणाला. "उघड्यावर पसरलेला भुसा म्हणजे टाकाऊ माल होतो. जनावरांखाली अंथरला असता तर चाललं असतं."

"मेंढ्या आणून ढिगावर उभ्या करू?"

त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

उन्हाळा आला. यंदाचा उन्हाळा असा होता की नदीत पाय घातला तर ताजंतवानं वाटण्याऐवजी आंघोळ झाल्यासारखं वाटायचं. टिरिल रस्त्यावर चाकं फिरवत होती, दलदलीत उड्या मारत होती, कोठारात जुने ट्रॅक्टरचे टायर ओढत होती. घामानं निथळत ती ढिगाजवळ यायची, भुशात कोपरापर्यंत हात खुपसायची, आणि गार हात गालाला लावून म्हणायची, "आहे ग आजी अजून." एवढं बोलून पुन्हा पळायची. काय सांगू, त्या एका वाक्यासाठी मी रोज सकाळी उठून आधी ढीग बघत होते, मग इंगवाल्डला.

ढिगाची ख्याती झाली. कॅरॅव्हॅन घेऊन फिरणारे जर्मन थांबून फोटो काढायचे. सुट्टीला येणारे ओस्लोवाले कॉटेजमालक विचारायचे, आत काय पुरलंय? मी म्हणायचे, मागच्या वर्षी असंच विचारणारा.

मग ऑगस्ट संपला, आणि माशांचे दिवस आले.

आमच्या खोऱ्यात ट्राउट मासा साफ करून, मीठ लावून, झाकणाच्या बादलीत दाबून ठेवतात. तो तिथेच महिनोन्महिने आपल्या पाण्यात आंबतो, लोण्यासारखा मऊ होतो, आणि नाताळच्या आधी आम्ही तो कच्चा कांदा, आंबट साय नि बटाट्याच्या मऊ पोळीबरोबर खातो. त्याला वास असतो. बाहेरच्या माणसांनी त्या वासाला जी नावं ठेवली आहेत ती मी इथे लिहिणार नाही. आमच्या मुलांना त्या वासानं भूक लागते, एवढंच सांगते.

पण त्याला गारवा लागतो, कमी नाही, जास्त नाही, सारखा. आणि यंदा तळघरं तापली होती. गावात जो तो हाच विषय. मासा नासेल, नाताळ जाईल. मी एका संध्याकाळी माझी बादली उचलली, ढिगाच्या कडेला भुसा बाजूला केला, बर्फात खड्डा केला, बादली बसवली, भुसा परत नीट लोटला. माझी बादली कडेला होती, झाकण घट्ट होतं, आणि ढीग माझा होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे लोक भलतंच बोलतात.

त्यानंतर एक चमत्कार झाला. गावाला माझ्या ढिगाबद्दल माया फुटली. अस्लाक रोज संध्याकाळी "जरा बघून येतो, टिकलाय का" म्हणून कोठारामागे जायला लागला. हातात काहीतरी पोत्यात गुंडाळलेलं. मी समजले, कुदळ असेल. तोर्दिसबाई आल्या, म्हणाल्या, मला तापमानाचा अभ्यास करायचाय. पाद्रीबाई तर म्हणाल्या, मी ढिगासाठी प्रार्थना करते, एकटीनं करू दे. माझे डोळे भरून आले. मी इंगवाल्डला म्हटलं, "बघितलंस? आयुष्यभर हे लोक माझ्या जिभेला नावं ठेवत आले. आता कळली त्यांना माझी किंमत."

इंगवाल्ड म्हणाला, "पाद्रीबाईंच्या हातात बादली होती."

"पवित्र पाणी असेल," मी म्हटलं.

"ते कॅथलिकांचं. आपण त्या पंथाचे नाही."

मी त्याला वर्तमानपत्र वाचायला सांगितलं.

सप्टेंबरात ढीग खचायला लागला. आधी एका अंगाला, मग मधोमध, म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखा. टिरिल भुशात हात घालायची आणि काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं घरभर फिरायचं. ऐविंद एकदा येऊन खूश होऊन गेला. "छान," तो म्हणाला, "वितळतोय. नियमात बसतंय."

ऑक्टोबरात रोआर मुली घेऊन यायच्या आदल्या दिवशी गाव पुन्हा जमलं, ढीग उघडायला. कॉफी झाली, वॅफल झालं, आणि अस्लाकनं ट्रॅक्टरची माती उचलायची बकेट ढिगात घातली.

ठक्.

"दगड," अस्लाक म्हणाला. फार घाईनं म्हणाला.

बकेट वर आली. बकेटीत एक निळी बादली होती. झाकण उडालं होतं आणि मिठाचं पाणी धारेनं बर्फावर गळत होतं. पुढच्या खेपेला पांढरी बादली. मग लाकडी बादली. मग दोन बादल्या एकात एक, वर दगड. जिथे खणावं तिथे बादली. किती ते मोजायचं मी सोडून दिलं. ज्यानं त्यानं भुसा उकरून आपापलं भोक पाडलं होतं, त्या भोकांतून आत ऊन गेलं होतं, आणि मिठाच्या पाण्यानं बर्फ आतून खाऊन टाकला होता. बाहेरून ढीग, आत गुहा. आणि त्या गुहेतून आमच्या नाताळचा वास सगळ्या खोऱ्यावर पसरत होता.

"कुणाच्या आहेत या?" मी विचारलं.

अस्लाक स्वतःच्या बकेटीकडे अशा नजरेनं बघत होता, जशी काही बकेटच गुन्हेगार. पाद्रीबाई आकाशाकडे बघत होत्या. तिथून बहुधा मदत यायची होती. तोर्दिसबाईंनी घसा साफ केला. "हे ओस्लोच्या कॉटेजवाल्यांचं काम दिसतंय," त्या म्हणाल्या. "त्यांना आपल्या परंपरेची कदर नाही."

"अगदी," सगळे म्हणाले. "कॉटेजवालेच."

ओस्लोवाले आंबवलेल्या माशाच्या वासानं गाडीच्या काचा वर करतात. त्यांनी महिनाभर मासे साफ करून, मीठ चोळून, माझ्या बर्फात आणून पुरले, यावर सगळ्या गावाचं एकमत झालं. इतक्या जलद आमचं रस्त्याच्या दिव्यांवरसुद्धा कधी झालं नव्हतं.

मी एकेकाच्या डोळ्यात बघायला सुरुवात केली. तेवढ्यात इंगवाल्डनं कडेची एक बादली उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. सगळ्यांनी पाहिलं. मी माझा तपास तिथेच थांबवला. माझ्या बादलीचं झाकण घट्ट होतं, हे पुन्हा सांगते.

टिरिल बुटांत भुसा घेऊन मधे उभी होती. नारिंगी जाकीट, हातात काठ्या. तिनं उरलेल्या बर्फाकडे पाहिलं. तपकिरी, भुशानं माखलेला, माशाच्या पाण्यानं भिजलेला. "किती आहे?" तिनं विचारलं.

अस्लाकनं डोळ्यांनी मापलं. "कोठारामागचा चढ होईल. तोही अरुंद. सपाटीला नाही, उताराला नाही."

"मग चढ तर चढ," ती म्हणाली. "पसरा."

त्या दिवशी गावानं फावडी मारली ती शरमेनं मारली. कॉफीला कुणी हात लावला नाही. शरमेनं माणूस किती राबतो हे मला आधी कळलं असतं, तर मी वॅफलचा खर्च वाचवला असता.

दुसऱ्या दिवशी रोआरची बस आली. पोरी उतरल्या. गोऱ्यापान, वेण्या घातलेल्या, अंगाला चिकटलेले नवेकोरे कपडे. पलीकडच्या खोऱ्यातल्या मोठ्या क्लबच्या दोघी त्यात होत्याच. पायऱ्यांवरून खाली आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"हा वास कसला?" एकीनं विचारलं.

"शेताचा," मी म्हटलं.

"आमच्या शेजारीपण शेत आहे," ती म्हणाली. "त्याला असा येत नाही."

"मग ते शेत नीट करत नसतील."

रोआर चढाच्या तळाशी जाऊन आला. त्याचा चेहरा असा झाला होता की त्याला बोलायचं होतं, पण बोलायला श्वास लागतो. शेवटी नाकाला मफलर लावून म्हणाला, "गुनवोरबाई, बर्फ... बर्फ आहे. म्हणजे आहे खरा."

"शब्द दिला होता."

"चढच चढायचा," त्यानं मुलींना सांगितलं. "वर जायचं, चालत खाली यायचं, पुन्हा वर. मी सांगेपर्यंत."

पहिल्या फेरीत टिरिल तिसरी होती. खोटं कशाला सांगू, मोठ्या क्लबच्या त्या दोघी वाऱ्यासारख्या वर गेल्या. मी कोठाराच्या दाराला टेकून उभी होते आणि माझे हात इतके गार पडले होते की त्या ढिगात मलाच ठेवलं असतं तर बर्फ टिकला असता. इंगवाल्ड शेजारी होता. वर्तमानपत्र घरीच ठेवून आला होता.

पण लांब पल्ल्याच्या स्कीचं एक आहे. पहिल्या फेरीत माणूस नाकानं निभावून नेतो. दुसऱ्या फेरीत तोंड उघडावं लागतं. तिसऱ्यात आख्खी छाती उघडावी लागते, आणि जे हवेत असेल ते सगळं आत घ्यावं लागतं. आणि आमच्या चढाच्या हवेत त्या दिवशी आख्ख्या गावाचा नाताळ होता.

दुसऱ्या फेरीत पोरी तोंड मिटून चढायला लागल्या. चेहरे लाल, मग निळसर. एक अर्ध्यावर थांबून काठीवर ओणवी झाली. तिसऱ्या फेरीत मोठ्या क्लबची ती गोरीपान पहिली झुडपात गेली आणि सकाळचा नाश्ता तिथे ठेवून परत आली. दुसरी हुंदके देत म्हणाली, "हे बरोबर नाही, हे अन्यायाचं आहे!"

आणि टिरिल? ती तोंड सताड उघडं टाकून, स्वयंपाकघरात जेवायला यावं तशी वर चालली होती. छाती भात्यासारखी फुगत होती. चौथ्या फेरीला ती एकटीच पळत होती, बाकीच्या चालत होत्या. पाचव्याला वर पोहोचली तेव्हा तिनं खाली बघितलं, आणि गेल्या हिवाळ्यापासून पहिल्यांदा मला तिचे दात दिसले.

रोआरनं हातातलं घड्याळ बंद केलं. ती मोठ्या क्लबची त्याच्याजवळ जाऊन रडत तक्रार करत होती. तो म्हणाला, "बर्फ सगळ्यांना सारखाच होता, बाळ." मग माझ्याकडे आला. मफलर नाकावर, डोळ्यांत पाणी. "टिरिल संघात," तो म्हणाला. "पाचही फेऱ्यांत एकीनंच श्वास घेतला. पण तिचे कपडे धुवा. स्कीसुद्धा. काठ्यासुद्धा."

आता पुढची मजा ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्लाक माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफी मागितली नाही, म्हणजे काहीतरी मोठं होतं.

"गुनवोर," तो म्हणाला, "ती निळी बादली माझी, बरं का. तिचंच पाणी चढाच्या मधल्या भागात मुरलं होतं. जिथे ती पोरगी ओणवी झाली, अगदी तिथेच."

"काल तर कॉटेजवाल्यांची होती."

"काल घाई होती."

तो गेला तर तोर्दिसबाई. त्यांनी मला सांगितलं की मासा जितका जास्त आंबेल तितका श्वसनावर परिणाम जास्त, आणि सगळ्यात जुना आंबवलेला मासा त्यांचा होता, हे वासावरून सिद्ध करता येईल. पाद्रीबाईंनी रविवारी चर्चमध्ये सांगितलं की परमेश्वर कधी कधी माशांच्या रूपानं येतो. आणि बाहेर आल्यावर हळूच विचारलं, लाकडी बादली कुणी उचलून ठेवलीय का. दुपारी ऐविंद आला. मला वाटलं, आता दंड. तो दारात उभा राहून बूट पुसत राहिला, पुसत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "पांढरी बादली आमच्या आईची होती. आई म्हणते, टिरिलच्या यशात तिचंही नाव घ्या."

मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, नदीच्या पुलावर, जिथे म्हणून माणूस भेटला तिथे सांगितलं, की ती सगळी युक्ती माझी होती. मार्चपासूनच. कुणाला पटलं नाही, पण खोडून काढायचं तर आपण चोरून बादली ठेवली हे मोठ्यानं कबूल करायला हवं होतं, आणि आपल्या बादलीनंच पोरगी जिंकली हे सांगायची हौसही सोडवत नव्हती. सबंध गाव त्या पेचात नाताळपर्यंत बसून होतं.

टिरिल पुढच्या आठवड्यात संघाबरोबर सरावाला निघाली. उत्तरेला, जिथे बर्फ आपोआप पडतो. मी कपडे तीनदा धुतले, ओल्या जुनिपरच्या, त्या सुवासिक झुडपाच्या, धुरावर धरले, वाऱ्यावर वाळत टाकले. स्की तिनं स्वतः घासल्या. इंगवाल्डनं तिला रस्त्यापर्यंत सोडलं, बस आली, ती चढली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, पण हात केला नाही. आमच्या घरात तसं करत नाहीत.

संध्याकाळी फोन आला.

"आजी," ती म्हणाली, "बसमधली मागची आख्खी सीट मला एकटीला दिलीय. जवळ कुणी बसतच नाही. मी पाय पसरून झोपत आले."

"बघ पोरी," मी म्हटलं, "चढल्या चढल्याच ओळखलं त्यांनी, तू कुणाची नात आहेस ते."